नजरेचा भाव

दलाल यायचा तेव्हा आधी त्याचं हसू ऐकू यायचं आणि मग मोटारसायकल. तोंडावर त्याला सगळे दादा म्हणत आणि पाठ वळली की हसऱ्या. माणूस वाईट नव्हता, असंही सगळेच म्हणत. कुणाच्या घरी दुखणं असलं तर दोन फळं घेऊन यायचा, पोरांच्या हातावर गोळ्या ठेवायचा आणि जाता जाता दावणीचं जनावर अर्ध्या भावात सोडून न्यायचा.

त्या सकाळी तो आला तेव्हा शेळीवाली गोठ्यापुढं पाल्याचा भारा सोडत होती. पेरणीपुरता पडून पावसानं जी दडी मारली ती मारलीच. बांधावरचं गवत जनावरांनी कुरतडून कुरतडून मातीला लावलं होतं. आठ शेळ्या आणि दोन बोकड. त्यांच्या पाल्यासाठी तिला आता ओढा ओलांडून पलीकडच्या टेकडीपर्यंत जावं लागत होतं. पहाटे फांद्या ओढायची आकडी खांद्यावर टाकून निघायचं आणि ऊन तापायच्या आत डोक्यावर भारा घेऊन परतायचं. मानेला घट्टा पडला होता आणि झोपतानाही मान एका बाजूलाच वळायची.

"वहिनी, वाळलात की हो!" हसऱ्या म्हणाला. "अगदी बोकडांसारख्या!"

स्वतःच्याच विनोदावर तो इतका हसला की ठिपक्या बोकडानं चघळणं थांबवून त्याच्याकडं पाहिलं.

घरधनी तोंड पुसत बाहेर आला. हसऱ्यानं काळ्या बोकडाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "भाऊ, कणा टोचतोय. हे बोकड आहे की खाटेची चौकट?"

घरधन्यानं काळ्याच्या पोटाखाली दोन्ही हात घातले, त्याला वीतभर उचललं, क्षणभर डोळे मिटले आणि खाली ठेवलं. त्याचा हात म्हणजे तराजू, असा त्याचा लौकिक होता. लोक आपली जनावरं उचलायला त्याला बोलवायचे. "वीस भरेल," तो म्हणाला.

"वीस? वीस भरलं तर मी मिशी उतरवीन. अठरा म्हणा. दोन्हींचे मिळून नऊ हजार, तेही तुमच्या तोंडाकडं बघून."

घरधनी जमिनीकडं बघत राहिला. "चार दिवस थांबू की."

"थांबा ना. चार दिवसांनी आठ देईन. पाला कुठून आणणार आहात?"

काळ्याचं दावं या सगळ्या वेळात शेळीवालीच्या हातात होतं. तिला कुणी काही विचारलं नाही. चहा घेऊन हसऱ्या गेला. जाताना कपबशी तिच्या हातात देत म्हणाला, "साखर जरा जास्त झाली वहिनी. दुष्काळात एवढी साखर?"

रात्री जेवताना त्यांची लेक म्हणाली, "बाबा, आपण मीठ कसं घेतो?"

"दुकानातून."

"तसं नाही. वजनावर घेतो ना? साखर वजनावर, खिळे वजनावर, भंगारवाला फुटकी बादली नेतो तीही वजनावर. मग बोकड नजरेवर का विकतो?"

घरधन्याचा घास हातातच राहिला. "हे तुला त्या गोदामात शिकवतात?"

सतरा वर्षांची पोर. शाळा संपल्यापासून आठवड्यातून तीन दुपारी ती रस्त्याकडेच्या रिकाम्या गोदामात जायची. तिथं एक म्हातारा मापाडी पोरापोरींना व्यवहार शिकवायचा. धान्याच्या बाजारात त्यानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांची पोती तोलली होती. गुडघा गेला म्हणून घरी बसला आणि घरी बसवेना म्हणून वर्ग काढला. पैसे कुठं ठेवावेत, उधारी कशी मागावी, भाव कसा काढावा, पाचजणांत धंदा कसा करावा, असलं काहीबाही तो शिकवायचा.

"अगं, जनावर म्हणजे काय खिळे आहेत?" घरधनी म्हणाला. "त्याला हात लावून बघावं लागतं. वीस वर्षं हा हात तोलतोय."

"मग तुमच्या हातावर दादा भाव का देत नाहीत?"

"जेव गप."

 त्या रात्री मान वळवता वळवता शेळीवालीला तेच आठवत राहिलं. मीठ वजनावर आणि बोकड नजरेवर.

दोन दिवसांनी तिला एकटीला भारा उचलवेना म्हणून ती लेकीला वर्गातून ओढून आणायला निघाली. मनात म्हणत होती, पोटाला पाला नाही आणि ही बाई व्यवहार शिकतेय. गोदामाच्या दारात पोचली तर आत हसण्याचा कल्लोळ चाललेला. मधोमध एक दगड, अर्धं भरलेलं पोतं आणि एक जुनी बादली मांडली होती. पोरं एकेक वस्तू उचलून वजन सांगत होती आणि मापाडी काट्यावर ठेवून त्यांची फजिती करत होता. पोत्याला कुणी दहा म्हणालं, कुणी तीस.

"या बाई, आत या," तिला पाहून मापाडी म्हणाला. "उन्हात कशाला उभ्या? आलाच आहात तर उचला."

"मी काय उचलू? मी हिला न्यायला आले."

"न्या की. पण आधी पोतं."

तिनं पदर खोचला, पोतं कमरेपर्यंत घेतलं आणि खाली ठेवलं. "बावीस. नाहीतर थोडं वर. पाल्याच्या भाऱ्याइतकं."

काट्यावर बावीस किलो तीनशे भरलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. लेक तर आईकडं असं बघत होती, जणू आई आत्ताच बाजारातून नवी आणली आहे.

"तुम्ही रोज डोक्यावर घेता म्हणून तुम्हाला कळलं," मापाडी म्हणाला. "आता सांगा, जो दलाल वीस वर्षं रोज बोकडं उचलतो त्याला वजन कळत नसेल?"

"त्यांच्या नजरेत चूक होत असेल," ती म्हणाली.

"होते ना. माणूस आहे. पण बाई, चूक म्हटली की कधी इकडं झाली पाहिजे, कधी तिकडं. दरवेळी एकाच बाजूला होते ती कसली चूक?"

शेळीवालीनं पदर सोडला. लेकीला न्यायचं ती विसरली आणि तिथंच पोत्यावर बसली.

वर्गातल्या पोरांना मापाडीनं एक काम दिलेलं होतं. दोघातिघांनी मिळून गावाला लागणारी एखादी गोष्ट करायची, तिची किंमत ठरवायची आणि महिनाभर चालवून दाखवायची. कुणी सायकलींचे पंक्चर काढणार होतं, कुणी रोपं विकणार होतं. लेक आणि तिची मैत्रीण, शिंपिणीची पोर, या दोघींनी ठरवलं की आपण जनावरांचं वजन करून द्यायचं. भंगारवाल्याकडं तबकडीचा एक लटकता काटा होता. वर कडी, खाली आकडा, पन्नास किलोपर्यंत. दोघींची शिल्लक मिळूनही पैसे कमी पडत होते.

"किती कमी पडतात?" घरी आल्यावर शेळीवालीनं विचारलं.

लेकीनं सांगितलं.

तिनं डाळीच्या डब्यात हात घातला. दुधाच्या पैशातून बाजूला ठेवलेली पुरचुंडी काढली आणि लेकीपुढं धरली. लेकीचा हात पुढं झाला तशी तिनं पुरचुंडी मागं घेतली. "असं नाही. मलाही भागीदार करा. तिसरा वाटा माझा."

"अगं आई, घरातच कसला वाटा?"

"का? तुमच्या मापाडीकाकांनी हे नाही शिकवलं?"

शिंपिणीच्या पोरीनं दोन पोती कापून चार पाय बाहेर येतील अशी झोळी शिवली. दारातल्या झाडाच्या आडव्या फांदीला काटा बांधला. आणि मग काळ्याला झोळीत घालायचा जो कार्यक्रम सुरू झाला त्यानं अर्धी वस्ती गोळा झाली. पुढचे पाय घातले की मागचे बाहेर, मागचे घातले की शिंगं दोरीत. एकदा तर काळ्या झोळीसकट पळाला आणि दोघी पोरी त्याच्यामागं. शेवटी शेळीवालीनं त्याच्या कानामागं खाजवत त्याला हळूच आत घेतलं. तो हवेत गेला तसा चार पाय लोंबकळवून असा काही शहाण्यासारखा बसला की बघणारे हसून हसून खाली बसले.

तबकडीवरचा काटा थरथरला आणि थांबला. साडेसव्वीस.

घरधनी ओसरीवर बसून सगळं बघत होता. "काटा खोटा आहे," तो म्हणाला. "भंगारातला तर काटा."

"बघू या," लेक म्हणाली. "काकांनी सांगितलंय, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो." तिनं रिकामा डबा लटकवला. अर्धा किलो. मग मापानं दहा लिटर पाणी ओतलं आणि पुन्हा लटकवला. साडेदहा. तिनं वडिलांकडं पाहिलंसुद्धा नाही, आणि ते तिनं बरंच केलं.

घरधनी उठून आला. त्यानं काळ्याच्या पोटाखाली हात घातले, उचललं आणि तसाच उभा राहिला. खाली ठेवेना. "मला वीस लागतंय," तो हळूच म्हणाला. "आजही वीसच लागतंय."

गर्दी पांगल्यावर तो गोठ्यात जाऊन बसला. शेळीवाली पाणी ठेवायला गेली तर म्हणाला, "अगं, या हाताला वजन शिकवलं कुणी? मी उचलायचो, तो आकडा सांगायचा. मी म्हणायचो पंचवीस, तो हसायचा आणि म्हणायचा एकोणीस. मला वाटायचं, आपलंच चुकलं. वीस वर्षं तो हसला आणि मी शिकलो." मग तो बोटांवर मोजत बसला. "गेल्या साली तीन. त्याच्या आदल्या साली पाच..."

"पुरे," ती म्हणाली. "मागची मोजत बसलात तर आहेत ती उपाशी मरतील. उठा, पाणी पाजा."

चार दिवसांनी हसऱ्या आला. झाडाला लटकलेला काटा बघून त्याला हसायला नवं कारण मिळालं. "भाऊ, सोन्याचं दुकान काढलंत की काय?"

"काट्यावर देणार, दादा," लेक पुढं झाली. "किलोला तीनशे. शहरात तोच भाव आहे."

"पोरी, बोकडाला सकाळी पोटभर पाणी पाजलं की दोन किलो वाढतं. मी काय पाणी विकत घेऊ?" त्यानं मोटारसायकलला लाथ मारली. "मी नजरेचा माणूस. जिथं काटा, तिथं आपला नाही वाटा! आज आठ देणार होतो, आता तेही नाही." आणि जाता जाता सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाला, "ज्याच्या दारी काटा दिसेल त्याचा माल मी घेणार नाही बरं का!"

त्यानंतरचे दहा दिवस ओढून काढावे लागले. जवळचा पाला संपला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर झाडं होती, पण आकडी पोचेना म्हणून शेळीवाली खोडावर चढायची आणि घरधनी खाली उभा राहून फांद्या ओढायचा. दोघांचे हात काट्यांनी भरले. परतताना एका भाऱ्याचे दोन करून दोघांच्या डोक्यावर. घरधनी वाटेत पुटपुटायचा, "घाल आता तो काटा बोकडांना खायला." शेजारच्या बायका पाण्यावर भेटल्या की विचारायच्या, "काय गं, झालं का सोन्याचं वजन?" लेक दर दोन दिवसांनी बोकडं तोलायची. काळ्या अर्धा किलो उतरला, ठिपक्याही. त्या दिवशी ती वर्गात गेली ती रडवेलीच, आणि आईही तिच्याबरोबर गेली.

"तीनशे कुठून काढलेस?" मापाडीनं विचारलं.

"शहरात तोच भाव आहे, काका."

"शहरात आहे. तुझ्या दारात आहे का? त्याचं पेट्रोल, टेम्पोचं भाडं, एकेका दारात घालवलेला दिवस, वाटेत जनावर दगावलं तर ते. हे सगळं तुझ्या तीनशेत कुठंय? तो लबाड असेल, पण लबाडालाही खर्च असतो. आणि पाण्याचं म्हणाला ते खरंच आहे. पहाटे पाणी पाजायच्या आधी तोलायचं, तसा नियम कर."

लेकीनं मान खाली घातली. वहीत तिनं खर्चाचे आकडे मांडायला घेतले. शेळीवाली तिच्या खांद्यावरून बघत होती.

"आणि माझा पाला?" ती एकदम म्हणाली. "रोजची माझी चार तासांची पायपीट, ती या वहीत कुठंय? त्याचं पेट्रोल मांडायचं आणि माझे पाय नाही मांडायचे?"

 मापाडीनं गुडघा चोळला आणि हसला. "बाई, उद्यापासून वर्ग तुम्हीच घ्या."

पायांचे आकडे मांडल्यावर एक गोष्ट स्पष्ट झाली. जितके दिवस बोकडं दावणीला, तितका तोटा. थांबून भाव वाढत नव्हता. विकायलाच हवं होतं, फक्त दुसऱ्या कुणाला तरी.

आठवडी बाजाराच्या दिवशी मायलेकी पहिल्या गाडीनं बाजाराला गेल्या. जनावरांच्या बाजारात शेळीवाली आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. सगळे पुरुष. पहिल्या व्यापाऱ्यानं विचारलं, "बरोबर कुणी माणूस नाही का?" ती म्हणाली, "आम्ही काय शेळ्या आहोत?" त्यानं पाठ फिरवली. दुसरा बरा बोलला, पण त्याला नजरेवरच हवं होतं. तिसरा एक किडकिडीत माणूस, कानामागं पेन, हातात फाटकी डायरी. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"काट्यावर मला चालेल. उलट बरं, भांडण नाही. पण नग किती?"

"दोन."

"दोनांसाठी माझा टेम्पो जागचा हलत नाही, बाई. वीस असले, एका जागी, एका वेळी, तर दारात येऊन किलोला दोनशे सत्तर देईन. रोख."

लेक आईच्या कानात पुटपुटली, "तीनशे म्हण ना."

शेळीवालीनं मनात पाय मोजले, पेट्रोल मोजलं. "दोनशे पंच्याहत्तर," ती म्हणाली. "वजन आम्ही करून ठेवू. तुमचा वेळ वाचेल."

पेनवाल्यानं पेन कानामागून काढलं आणि तारीख लिहिली.

वीस नग म्हणजे आणखी अठरा. ती संध्याकाळी दारोदार फिरली. "दादा नाराज होतील," असं सगळ्यांचंच म्हणणं. शेजारणीकडं थोराड बोकड होता, वस्तीतला सगळ्यात भारी. ती म्हणाली, "ताई, परवाच दादा बघून गेले. म्हणाले, नुसती केसं आहेत, वीस किलोसुद्धा भरणार नाही. पण उद्या अडीअडचणीला तेच उभे राहतात गं. वाईटपणा कोण घेणार?"

"वाईटपणा मी घेते. तू बोकड घेऊन ये. तोलून बघ, नाही पटलं तर परत ने. तोलायचे दहा रुपये, तेही विकला तरच."

अशी अकरा घरं झाली. बावीस नग. घरधन्यानं आधी डोक्याला हात लावला, मग न सांगता झाडाखालची जागा झाडली, खुंट्या ठोकल्या आणि काट्याची कडी तेल लावून मऊ केली. गेले काही दिवस कुणाचं लक्ष नाही असं बघून तो काळ्याला आणि ठिपक्याला उचलायचा आणि मग काट्यावर बघायचा. हात नव्यानं शिकत होता.

ठरलेल्या दिवशी पहाटेच झाडाखाली बें-बें करणाऱ्या बोकडांचा बाजार भरला. शेळीवाली जनावर झोळीत घ्यायची, शिंपिणीची पोर दोरी ओढायची, लेक आकडा मोठ्यानं वाचायची आणि वहीत लिहायची. मापाडीला खुर्ची दिली होती. तो काही करत नव्हता, नुसता बघत होता, आणि त्यातच त्याला घाम आला होता. घरधनी प्रत्येक जनावर आधी हातानं उचलून आकडा सांगायचा. पहिली दोन चुकली, तिसरं किलोभरानं, सहावं तर अचूक. लोक ओरडले तसा तो लाजला.

पेनवाल्याचा टेम्पो आला आणि त्याच्या मागोमाग हसू ऐकू आलं. हसऱ्याला बातमी लागली होती. गाडी लावून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मनात काही असो, तोंड हसरंच. "अरे वा! जत्रा! चालू द्या, चालू द्या. मी आपला गंमत बघायला आलो."

शेजारणीनं त्याला पाहून थोराड बोकडाची दोरी मागं ओढली. शेळीवालीनं ते बघितलं. ती पुढं झाली आणि गोड आवाजात म्हणाली, "दादा, बरं झालं आलात. आमचे हे सकाळपासून हातानं वजन सांगताहेत. पण तुमच्या नजरेपुढं कुणाची काय मजाल? ही पोरं म्हणतात, माणसाच्या नजरेला वजन कळतच नाही."

"कळत नाही?" हसऱ्या म्हणाला. "पोरांनो, तुमच्या बापाच्या डोक्यावर केस नसतील इतकी बोकडं मी उचलली आहेत."

"मग सांगा ना. या थोराडाचं सांगा."

पेनवाला बघत होता, पोरं बघत होती, अकरा घरची माणसं बघत होती. हसऱ्यानं बाह्या वर केल्या. बोकडाच्या पाठीवरून अंगठा फिरवला, कमरेत दाबलं, एकदा जमिनीवरून उचललं न उचललं केलं. "एकतीस," तो म्हणाला. "शंभर ग्रॅम इकडं, शंभर तिकडं. याच्या पलीकडं गेलं तर धंदा सोडीन."

दोरी ओढली. थोराड हवेत लटकला. काटा थरथरला, थांबला.

"एकतीस," लेक वाचून म्हणाली. तिचा आवाजच बारीक झाला. "बरोबर एकतीस."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. हसऱ्यानं दोन्ही हात वर करून चारी दिशांना नमस्कार केला. त्याच्या आयुष्यातला तो मोठा क्षण होता. आणि टाळ्या विरतात न विरतात तोच शेजारीण म्हणाली, "पण दादा, मागं माझ्या दारात तर म्हणालात, वीसही भरणार नाही!"

झाडाखाली एकदम शांत झालं. बोकडंसुद्धा गप्प झाली असं नंतर लोक सांगायचे. हसऱ्याचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं. आतून कुणी काढून घ्यायचं विसरल्यासारखं.

"म्हणजे यांना ठाऊक होतं," घरधनी म्हणाला. कुणाला उद्देशून नाही. "सगळ्या वेळी ठाऊक होतं."

मग मागून कुणीतरी खुसकन हसलं. शेजारीण हसली. पोरं हसली. मापाडी खुर्चीतून पडायचाच बाकी राहिला. बघता बघता सगळं झाड हसू लागलं, आणि वस्तीत पहिल्यांदाच असं झालं की सगळे हसत होते आणि हसऱ्या नव्हता. त्याचे कान लाल झाले. तो मोटारसायकलकडं दोन पावलं गेला, थांबला, टेम्पोकडं बघितलं, बावीस बोकडांकडं बघितलं आणि परत आला. शेवटी धंदेवाला माणूस.

"दोनशे ऐंशी," तो खाकरून म्हणाला. "काट्यावर."

पेनवाल्यानं डायरी मिटली. "मी तारीख लिहून आलोय. दोनशे पंच्याऐंशी. याच्या वर मला परवडत नाही."

सगळ्यांनी शेळीवालीकडं बघितलं. तिला ते आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा पदराशी हात गेला, पण तिनं तो परत खाली घेतला. "शब्द यांना दिलाय," ती म्हणाली. "माल यांचा. दादा, पुढच्या खेपेला तुम्हालाही बोलावू. पाणी पाजायच्या आधी या."

ऊन चढायच्या आत टेम्पो भरला. नोटा हातोहात वाटल्या गेल्या. काळ्या आणि ठिपक्याचे मिळून चौदा हजारांच्या वर झाले. घरधन्यानं त्या नोटा दोनदा मोजल्या आणि बायकोच्या हातात दिल्या, चारचौघांत. टेम्पोच्या फळीवरून काळ्यानं मान बाहेर काढून एकदा आवाज दिला, तेव्हा मात्र तिला गोठ्याकडं तोंड करून जरा वेळ उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ती टेकडीवरून भारा घेऊन परतली तर दारात एक अनोळखी माणूस बसलेला. पलीकडच्या वाडीतून आलेला, पायावर धुरळा, दोरीला बोकड. ओसरीवर घरधनी आकडीचा दांडा तासत होता.

"मालक, ते वजन म्हणे इथं करतात," पाहुणा म्हणत होता. "काय घेता?"

"मला नका विचारू." घरधन्यानं दांड्यावरून मान न उचलता तिच्याकडं बोट केलं. "काटा त्यांचा आहे."

पाहुणा उठून उभा राहिला. तिच्या डोक्यावरचा भारा, तिचे काट्यांनी भरलेले हात बघितले आणि गोंधळला. "काय घेता, बाई?"

तिनं भारा खाली टाकला, मान दोन्ही बाजूंना वळवून मोकळी केली.

"वजनाचे दहा. व्यापाऱ्याशी बोलायचं असेल तर वर पाच."

"पाच जरा जास्त होतात..."

"होऊ देत," ती म्हणाली आणि झोळी फांदीवरून खाली ओढली. "मागचे पाय धरा आधी. लाथ मारतो का हा?"